तिसरा रकाना

समोरच्या माणसानं आपला ई-मेलचा पत्ता सांगायला सुरुवात केली की बाई रजिस्टर फिरवून त्याच्याकडे करायच्या, पेनाचं टोपण काढायच्या आणि पेन त्याच्या हातात द्यायच्या.

"तुमच्या हातानं लिवा."

"अहो बाई, मी सांगतो ना, तुमी लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

"अक्षर चांगलं हाय, पण पत्ता माझा नाय."

मग तो माणूस वाकून लिहायचा. लिहून होईपर्यंत बाई हाताची घडी घालून उभ्या असायच्या. तालुक्यातला आमदार असो की कातकरी वाडीवरचा पहिला ग्रॅज्युएट, यात बदल झालेला मी पाहिला नाही.

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर उतरून बाजाराच्या दिशेनं चालू लागलात, तर खताच्या दुकानाच्या माडीवर एक खोली दिसायची. नव्वदीत तिथे बाईंचा टायपिंगचा क्लास होता. खाली जीपवाले कल्याण, कल्याण ओरडत आणि वर बारा मशिनं खडखडत. दोन हजार सालानंतर मशिनं गेली आणि चार कॉम्प्युटर आले. मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पुरवत होतो. बातमी पाठवण्यासाठी जवळची जागा तीच. त्यामुळे आठवड्यातून चार-पाच वेळा मी त्या खोलीत बसलेला असे. जे लिहितो आहे, ते समोर घडलेलं आहे.

बाई दर शनिवारी ई-मेलनं एक पत्र पाठवायच्या. तालुक्यातली जी माणसं मुंबई, पुणे, मस्कत, दुबईला होती, त्यांना. मराठी अक्षरं तिकडच्या पडद्यावर चौकोन होऊन दिसत, म्हणून इंग्रजी लिपीत मराठी लिहीत. म्हशाच्या जत्रेची तारीख, माळशेजचा रस्ता बंद की चालू, दहावीला कोण पास झालं, कुठल्या गाडीची वेळ बदलली, कोण वारलं. शोभेचं वाक्य त्यात नसे. माझ्या संपादकानं ते पत्र एकदा वाचलं आणि मला म्हणाला, "असं लिहीत जा."

पत्र हवं असणाऱ्यांच्या रजिस्टरमध्ये नावापुढे तीन रकाने होते. बातमी, जाहिरात, मयत. हवं तिथे बरोबरची खूण, नको तिथे फुली. ज्याची त्यानं करायची. परदेशात असलेल्यांनी मेलनं कळवलं तर बाई तो मेल छापून, कात्रीनं कापून, त्याच्या ओळीत डिंकानं चिकटवत.

जाहिरातीच्या रकान्यात फार थोड्या खुणा होत्या. मंडपवाला एकदा वैतागला.

"अकरा जणांना काय पाठवता बाई? सगळ्यांना टाका ना. तुमचं काय बोट झिजतंय?"

"अकरा जण वाचतील. बाकीचे तुमच्या नावानं बोटं मोडतील. मग त्यांच्या घरच्या लग्नाला दुसरा मंडपवाला."

मयताच्या रकान्यात मात्र विचित्र गोष्ट दिसे. पेन तिथे येऊन थांबायचं. काही जण फुली मारत. एकानं कारण सांगितलं होतं, "तिकडं एकटा असतो मी. वाचून कोणाकडं बघू?" बाईंनी रजिस्टर फिरवून घेतलं आणि टोपण लावलं.

टोकावड्याकडचा एक म्हातारा चार मुलांचे पत्ते चिठ्ठीवर घेऊन आला होता. "माझीच पोरं हायत. मी बाप सांगतो, लावा नावं."

"काका, पोरं एकत्र राहतात?"

"कुठलं गो! चौघांच्या चार तऱ्हा."

"म्हंजे चुली चार. एका चुलीला आवतण दिलं तर दुसरी चूल जेवायला येते?"

म्हातारा हसला आणि चिठ्ठी खिशात घालून गेला. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण दोन तऱ्हेचं असतं. घरटी एक माणूस, नाहीतर चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटायची नाही, सगळं घर जेवायला. पण वेगळ्या झालेल्या भावाच्या दारात वेगळं जावं लागतं. ते राहून गेलं तर पुढची दहा वर्षं बोलणं बंद. यादी कशी ठेवावी हे बाईंना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ते आवतणावरून घेतलं होतं.

त्यांची एकमेव मोठी चूकही तिथूनच आली.

पत्र पाठवताना बाई सगळ्यांचे पत्ते वर ओळीनं घालत. प्रत्येकाला सगळ्यांचे दिसत. पुण्याच्या एका मुलानं सुचवलं होतं की पत्ते लपवायची सोय असते. बाईंना ते पटलं नाही. "पत्रिकेवर नावं लपवतात काय? कोणाकोणाला बोलावलंय ते दिसायला नको? लपवलं तर माणसाला वाटंल, मला मागल्या दारानं बोलावलं." मी तिथेच बसलो होतो. मला यात काही चुकीचं दिसलं नाही. हे नोंदवून ठेवतो.

त्या सुमारास तालुक्यात फार्महाऊसच्या प्लॉटांचा धंदा वाढला होता. कल्याणच्या एका जमीनवाल्याचा माणूस माडीवर आला. त्याला ती यादी हवी होती. बदल्यात दोन नवे कॉम्प्युटर देऊ म्हणाला. त्या वेळी बाईंच्या चारपैकी दोनच चालत होते.

बाईंनी विचारलं, "त्यांना विचारलंय का?"

"कोणाला?"

"ज्यांना पाठवणार त्यांना."

तो मनापासून हसला. "जाहिरात पाठवायला कोण विचारतं बाई? नको असेल तो बघणार नाय."

"मग माझं पत्र पण बघणार नाय. चहा घ्या."

त्यानं चहा घेतला आणि गेला. यादी त्याला मिळालीच. त्याच्या कचेरीतला एक कारकून आमच्याच तालुक्यातला होता आणि त्यानं स्वतःच्या हातानं रजिस्टरमध्ये नाव लिहिलं होतं. दर शनिवारी सगळे पत्ते त्याच्या पडद्यावर येत होते. त्यानं ते फक्त उतरून घेतले. चोरी अशी झालीच नाही.

पंधरा दिवसांनी, दुपारी, क्लासचा फोन वाजला. मी जवळ होतो, मीच उचलला. आवाज लांबचा होता.

"बाई हायत का? मस्कतवरून बोलतोय."

टोकावड्याच्या पलीकडे एका पाड्यावरचा तो माणूस. तिकडे एका कंपनीत वेल्डर होता. घरी आजारी आई आणि धाकटा भाऊ. पाड्यावर फोन नव्हता. त्यानं तीन रकान्यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्यात बरोबरची खूण केली होती. मी फोन बाईंना दिला.

"बाई, आई हाय ना?"

"हाय रे, हाय. कालच तुझा भाऊ बाजारात भेटला. काय झालं?"

बराच वेळ तोच बोलत राहिला. बाई उभ्याच होत्या. त्याला मेल आला होता. वर लिहिलेलं, "मुरबाडची तातडीची खबर". त्यानं उघडला. आत चित्र होतं आणि लाइन मंद, त्यामुळे ते वरून खाली पट्टीपट्टीनं उतरत होतं. आधी आभाळ आलं. मग डोंगर. त्याला वाटलं, पाड्याचा फोटो आहे, कोणीतरी घराचा काढून पाठवलाय. मग फाटक आलं, आणि शेवटी खाली प्लॉटची माहिती. तेवढी मिनिटं तो खुर्चीला धरून बसला होता.

"माझं नाव काढा बाई," तो शेवटी म्हणाला. "तुमचं पत्र आलं की आता छातीत धडकी भरंल. काढाच."

बाईंनी फोन ठेवला, पट्टी घेतली आणि त्याच्या नावावर सरळ रेघ मारली. त्या दिवशी त्यांनी क्लास लवकर बंद केला.

शनिवारचं पत्र गेलं नाही. त्याऐवजी बाईंनी प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिलं. एका वेळी एकच पत्ता. दोनशेच्या वर नावं होती, पाच दिवस लागले. मजकूर सगळ्यांना सारखा होता: तुमचा पत्ता मी उघडा ठेवला, चूक माझी आहे. मी सगळी नावं खोडली आहेत. पत्र पुन्हा हवं असेल तर स्वतः कळवा. कळवलं नाहीत, तर नको आहे असं समजेन.

उत्तरं चाळीसच्या आसपास आली. मला ते अती वाटलं आणि मी तसं बोललो. "बाई, बाकीच्यांनी काही लिहिलं नाही म्हणजे त्यांची हरकत नाही. चालू ठेवा. आपल्यात म्हणतातच, गप्प बसला म्हणजे राजी आहे."

बाई पत्रं तारखेप्रमाणे लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा मी खाली बघून बसले होते. कोणीतरी बोललं, पोरगी राजी हाय. कशावरून? तर गप हाय म्हणून." पुढचा कागद घेतला. "नवरा वाईट नाय हो मिळाला. चांगलाच हाय. पण मी हो बोलले नव्हते, एवढंच."

थोड्या वेळानं त्यांनाच ते जड झालं असावं. म्हणाल्या, "तुमचं बरं असतं पेपरवाल्यांचं. न विचारता छापता."

"तुमच्यावर लिहायचं असेल तर विचारीन."

"लिवा की. पण नाव नको."

म्हणून इथे नाव नाही.

पावसाळ्यानंतर, भातं कापणीला आली होती तेव्हा, मस्कतवाल्याचा धाकटा भाऊ जिना चढून वर आला. पायांना चिखल तसाच. दारातच थांबला.

"बाई, आई गेली सकाळी."

बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं. तो स्टँडवरच्या बूथवरून भावाच्या कंपनीचा नंबर तीनदा लावून आला होता. शुक्रवार, तिकडे सुट्टी, कोणी उचलत नव्हतं.

"दादाला मेल टाका बाई. तो सुट्टीच्या दिवशी तिकडं दुकानात जाऊन बघतो."

बाई म्हणाल्या, "त्यानं मला नको सांगितलंय रे."

"मी सांगतो ना, टाका. भाऊ हाय मी त्याचा."

मी बाईंकडे पाहत होतो. प्रेताशेजारून उठून आलेला माणूस समोर बसलेला आणि बाई नियम सांगत होत्या. मला राग आला, हेही नोंदवतो. मी म्हणालो, "द्या, मी पाठवतो माझ्या पत्त्यावरून."

"तुमाला तो ओळखत नाय," बाई म्हणाल्या. "कोणातरी परक्याचं अजून एक पत्र येऊ दे?" आणि त्या उठल्या. त्यांनी भावाला कॉम्प्युटरसमोर आपल्या खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या नावानं नवीन खातं उघडलं. पत्त्यात त्याचं आणि बापाचं नाव घातलं. पत्राच्या वर, जिथे विषय लिहितात तिथे, त्याला विचारून त्याचं घरातलं नाव लिहिलं, जे घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं.

"आता बोल. तुझं पत्र हाय. मी नुसती टाइप करते."

बाई थांबल्या. खाली जीपवाला ओरडत होता. शेवटी तो म्हणाला, "दादा, आई गेली. वाट बघत नाय, संध्याकाळी उचलतो. तू जीवाला त्रास करून घेऊ नको."

बाईंनी तेवढंच टाइप केलं. एक अक्षर वाढवलं नाही. मग त्याचं बोट धरून बटणावर ठेवलं. दाबलं त्यानं.

तासाभरात उत्तर आलं. "मिळालं."

महिन्यानं बाईंच्या पत्त्यावर त्या वेल्डरचं पत्र आलं. बाईंनी ते छापलं, कापलं आणि नव्या ओळीत चिकटवलं. "बाई, शनिवारचं पत्र परत चालू करा. जाहिरात नको. मयताची खबर नको. आता ज्याची खबर लागावी असं कोणी उरलं नाही."

यादी पुन्हा कधी शंभरावर गेली नाही. पण बाईंचं पत्र आलं की माणसं उघडत. कल्याणच्या जमीनवाल्याच्या पत्रांचं काय होत होतं ते मी शोधलं नाही.

पाच वर्षांनी बाई आजारी पडल्या. कल्याणच्या दवाखान्यात ये-जा सुरू झाली. शेवटचे दोन महिने मजकूर त्या सांगत आणि मुलगी टाइप करी. एका गुरुवारी बाई गेल्या. मुलीनं मला माडीवर बोलावलं. तिच्यानं टाइप होत नव्हतं.

मी रजिस्टर उघडलं. तिसऱ्या रकान्यात ज्यांची खूण होती त्यांना खबर पाठवली. एका वेळी एक पत्ता. प्रत्येक पत्राला तेवढाच वेळ लागत होता, आणि तो किती लागतो हे मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी पत्र गेलं नाही. सोमवारी मुलीचा फोन आला म्हणून मी पुन्हा वर गेलो. मस्कतहून त्या वेल्डरचा मेल आला होता.

"बाई, या शनिवारी पत्र नाही आलं. मशिन बिघडलं का?"

मुलगी म्हणाली, "काय लिहू काका?"

मी रजिस्टर काढलं. त्याच्या ओळीत ती चिकटवलेली पट्टी होती, कडा पिवळ्या झालेल्या. मी खुर्चीवर बसलो आणि लिहिलं: "पत्र बंद झालं आहे. त्याचं कारण तिसऱ्या रकान्यातलं आहे. तुम्ही तिथे नको म्हटलं आहे. कळवू का?"

उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या शनिवारी नाही. मुलगी म्हणाली, "समजलं असेल त्याला. लिहून टाका ना काका."

मी लिहिलं नाही. रजिस्टर आता माझ्याकडे आहे. त्याच्या ओळीखाली मी उत्तरासाठी अर्धं पान कोरं ठेवलं आहे.