रुकैयाने न पाहिलेलं वाळवंट

दोह्याच्या अल हिलाल भागातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात रुकैया बरीच वर्षं मोरोक्कोच्या सहली लावून देत होती. मूळची रत्नागिरीची, राहायला दोह्याजवळच्या अल वक्राला. "टॅक्सीत बसण्याआधी मीटर बघा. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका. जुन्या शहरात कोणी म्हणालं की पुढे रस्ता बंद आहे, तर त्याच्यामागे जाऊ नका," असं ती प्रत्येकाला बजावायची. लोक ऐकायचे आणि परत आल्यावर फोन करून आभार मानायचे.

गेल्या हिवाळ्यात ती स्वतः नवऱ्याबरोबर मोरोक्कोला गेली. नवरा इनायत कतारच्या हमद बंदरावर सुपरवायझर होता. तिथल्या फेस नावाच्या शहरात, जुन्या भागात, एक तरुण हसत पुढे आला. म्हणाला, "पुढे बंद आहे, मी दाखवतो."

रुकैया म्हणाली, "जाऊ नका. हे असंच फसवतात."

"तू खुर्चीत बसून जग बघितलंयस," इनायत म्हणाला आणि त्याच्यामागे निघाला.

त्या तरुणाने त्यांना चामड्याच्या एका दुकानात नेलं. गच्चीवरून कातडी रंगवण्याचे हौद दिसतात, म्हणे. जिना अरुंद आणि ओला होता. इनायत भराभर वर गेला. मागून येताना रुकैयाचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं.

हॉस्पिटलात प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी सहारा वाळवंटात जायला निघायचं होतं. ती सहल रुकैयाने स्वतः निवडली होती. तिथली रात्र तिला बघायची होती.

"तुला झेपणार नाही," इनायत म्हणाला. "पण बुकिंग कशाला फुकट घालवायचं?"

तो गेला. ती हॉटेलात एका हाताने ओढणी सावरत बसून राहिली. आधी रडू आलं, मग तेही थांबलं.

दोह्याला परतल्यावर इनायतचा दोस्त अश्फाक आणि त्याची बायको हुस्ना जेवायला आले. त्यांनाही मोरोक्कोला जायचं होतं. इनायत रंगात येऊन सांगू लागला, "कोणी रस्ता बंद म्हणालं तर अजिबात ऐकायचं नाही. मी अनुभवाने सांगतो."

हुस्नाने रुकैयाला विचारलं, "भाभी, वाळवंट कसं होतं?"

"मी बघितलं नाही," रुकैया म्हणाली. "हात मोडल्यावर मला हॉटेलात ठेवून हे एकटेच गेले."

अश्फाकने मान खाली घातली. जेवण कसंबसं उरकलं.

पाहुणे गेल्यावर इनायत म्हणाला, "चार माणसांत बोलायची काय गरज होती?"

"एकांतात सांगितलेलं तुम्ही कधी ऐकलंत?"

त्याने टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. रुकैयाने डाव्या हाताने ताटं उचलायला सुरुवात केली. तो उठला नाही.