राजधानी पाहून आलेला माणूस

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप मिशीवर जातो.

तेव्हा मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला होता, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. अशा सुट्टीत मुंबईकर आमच्या किनाऱ्यावर येऊन आदळतात आणि आमची माणसं मुंबईला पळतात. सकाळी झेंडावंदन उरकलं की उरलेला बंदोबस्त पिऊन समुद्रात उतरणाऱ्यांचा. देशभक्ती जेमतेम दुपारपर्यंत टिकते, असा माझा अनुभव आहे.

सोमवारी बोर्ली पंचतनजवळच्या एका गावातून फिर्याद आली. तिथला एक व्यापारी बायकामुलांना घेऊन मुंबईला, राजधानीची रोषणाई दाखवायला गेला होता. परत येऊन बघतो तर देवघरातले चांदीचे देव गायब. कुलूप शाबूत होतं. पंचनामा चालू असतानाच खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, त्यांचा शेजारी मुंबईला गेलो होतो म्हणून सांगत फिरतोय. पण शनिवारी पहाटे मी त्याला श्रीवर्धनच्या स्टँडवर बघितला. काखेत लाल फडक्याचं गाठोडं, आणि ते असं जपत होता, विचारू नका."

शेजारी म्हणजे तिशीतला तरुण. महाडला कंपनीत कामाला. घरी तो आणि आई, दोघंच. बाप वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेला तो गेलाच. तरी आई कपाळभर कुंकू लावायची, वटपौर्णिमेचा उपास धरायची. गाव मागून हसायचं, पण तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

तरुणाला ठाण्यात आणलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"तीन दिवस कुठं होतास?"

"मुंबईला, साहेब."

"काय काय बघितलंस?"

त्यानं पाढा म्हणावा तसं सांगितलं. मंत्रालयावरचा झेंडा, म्युझियम, राणीचा बाग, चौपाटीवरची भेळ, रात्री सरकारी इमारतींवरचे तिरंगी दिवे. "मग रविवारी गेटवेवरनं मांडव्याची लाँच पकडली आणि अलिबागवरनं एसटीनं घरी आलो."

माझा हवालदार मुरुडच्या कोळीवाड्यात वाढलेला. तो फस्सकन हसला. "पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद असते रे बाबा! दर्या काय तुझा काका लागतो?"

भात लावणाऱ्या गावातला माणूस तो. समुद्र हाकेवर असून कधी लाँचमध्ये पाय ठेवलेला नव्हता. त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, "साहेब, चोरी मीच केली असं लिवा."

"देव कुठं आहेत?"

त्यानं टॉवेल कपाळावर आणखी खाली ओढला. चोरी नाकारणारे मी शेकड्यांनी पाहिले, अंगावर ओढून घेणारा हा पहिलाच. मी त्याला टॉवेल काढायला लावला. डोकं तुळतुळीत.

"डोकं का केलंस?"

"उकडत व्हतं."

"आणि मिशी?"

तो रडायलाच लागला. आमच्याकडे बाप जिवंत असेपर्यंत माणूस मिशी उतरवत नाही. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला कळलं.

बाप मुंबईत वारला होता. ओळखीच्या कोणीतरी फोन केला, यानं आईला ओव्हरटाईम सांगून मुंबईला जाऊन अग्नी दिला. दहावं सुट्टीत पडलं, ते हरिहरेश्वरला उरकलं. गाठोड्यात अस्थी होत्या.

"आयला कळलं तर कुंकू पुसंल, साहेब. त्या कुंकवावरच उभी हाय ती. मला आत टाका, पण तिला सांगू नका."

मी त्याच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला. पण तपास तो तपास. हरिहरेश्वरचे भटजी आणि न्हावी, दोघांकडे खात्री केली. शनिवारी सकाळी एसटीतून उतरल्यापासून रविवारपर्यंत तो तिथंच होता. दुसऱ्या दिवशी खरा चोरही सापडला. व्यापाऱ्याचाच भाचा, घराची दुसरी चावी त्याच्याकडे. देव त्याच्या गादीखाली निघाले.

मुलाला सोडायचं ठरलं तेव्हा आई डबा घेऊन व्हरांड्यात बसली होती. कुंकू ठसठशीत. मी म्हणालो, "बाई, तुमच्या मुलानं काही केलेलं नाही."

"ठाव हाय. तो कुठं गेल्ता त्ये बी ठाव हाय." तिनं आवाज खाली आणला. "रविवारी दारात आला तवा व्हटावर मिशी न्हाय. मला काय डोळे न्हाईत व्हय, सायब?"

विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलंच. "मग हे कुंकू?"

"पोरानं माझ्यापायी येवढी मुंबई रचली. म्या कुंकू पुसलं तर त्याला कळंल, आयला समजलं म्हनून. मोडून पडंल त्यो. त्याला बोलू नका."

एवढ्यात तो बाहेर आला. आईनं डबा त्याच्या हातात दिला. "चल. त्या दिव्यांचं सांगायचं ऱ्हायलंच की रं."

माणूस खोटं का बोलतो, हे शोधायला खात्यानं मला शिकवलं. ते खोटं कोण जपतंय आणि कशासाठी, हेही बघावं, हे त्या बाईनं शिकवलं. त्यानंतर कुणाचं खोटं पकडलं की ते लगेच तोंडावर फेकायची माझी सवय गेली. त्या दिवशी मी खिडकीतून बघत होतो. दोघं एसटीच्या थांब्यावर उभी होती, आणि तो हातवारे करून आईला मंत्रालयाची रोषणाई दाखवत होता.