काठ सरकला तर

खोऱ्यातल्या प्रत्येक वेलीला कधी ना कधी तिच्या हातची गाठ बसलेली, म्हणून सगळे तिला गाठमावशी म्हणत. नदीकाठच्या वाळुंजाच्या कोवळ्या फांद्या कापायच्या, भिजवायच्या आणि त्यांनी द्राक्षवेली तारेला बांधायच्या, हाच तिचा जन्माचा धंदा. ‘तोंडापेक्षा हात जास्त चालतात,’ असं लोक म्हणायचे. साफ खोटं. तोंडही काही मागं नव्हतं.

मग खोऱ्याच्या वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं. मोजणीवाले साहेब आले, दर वाक्याआधी घसा खाकरत. “अह्हम्, वर डोंगरकडा. अह्हम्, खाली नदीचा काठ. एवढ्यातल्याच द्राक्षाला खोऱ्याचं नाव!”

“आणि काठ सरकला तर?” मावशीनं विचारलं.

“अह्हम्, काठ कसा सरकेल, बाई?”

लोक पोट धरधरून हसले. त्या दिवसापासून काठाची वीतभर मातीही सोन्याची झाली. जो तो वाळुंजाची झाडं उपटून पार पाण्यापर्यंत वेली लावू लागला. बांधायला प्लॅस्टिकची दोरी आली. नदी गढूळ होत गेली, आणि भर उन्हात, वारा नसताना, पाण्यात कुठंतरी धप्पकन आवाज यायचा.

“मगर आली रे!” म्हणत लोक हसायचे.

शेवटचं वाळुंज मावशीच्या मागच्या दारासमोर होतं. जमीन मात्र भाच्याची. हा भाचा बोबडं बोलायचा तेव्हापासून तिचा ‘मेल्या’.

“मावशे, अख्खी एक ओळ बसते गं तिथं.”

“आणि मी कुठं बसू? त्या मुळांनी माझं घर धरलंय, मेल्या.”

“घर विटांवर उभं असतं!”

“अक्कल कशावर उभी असते, ते सांग आधी.”

भाचा खो खो हसला नि करवत लावली. झाड पडलं. त्यानं मुळंही खणून काढली, खड्ड्यात वेलीसाठी खांब रोवला. “बघ! पडलं का तुझं घर?”

मावशी दारात उभी होती, शेवटच्या फांद्यांची मोळी उराशी धरून. घर जागच्या जागी होतं. पण ती आणि नदीकडच्या बाजूला उभा भाचा, दोघांच्या मधोमध, वाळल्या मातीत, केसाएवढी भेग उमटली होती. बघता बघता ती बोटाएवढी झाली.

नदीत धप्प वाजलं.

“मगर!” भाचा हसत ओरडला.

मावशीनं मोळी खाली ठेवली, दोन्ही हात पुढं केले. “बाळा,” ती हळूच म्हणाली, “खांब राहू दे. अलगद पाय टाकत इकडं ये.”

मावशी आपल्याला मेल्या म्हणाली नाही, एवढ्यानंच त्याचं हसू जागच्या जागी थिजलं.