तुरीखालचे खड्डे

ते प्रकरण मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. त्यात चूक माझी होती.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी मूळचा बेळगावकडचा, तेव्हा बंगळूरच्या दक्षिणेला एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. हद्दीत राखीव जंगल होतं आणि त्यात चंदन. एका सकाळच्या टपालात कन्नडमधलं निनावी पत्र आलं : ‘जंगलाचा राखणदारच चंदन विकतो. रानात तुरीची रोपं दिसतील, त्यांच्याखाली खणा.’

पंच घेऊन गेलो. ऐन रानात मधूनच तूर उगवलेली होती. ती उपटून खणलं, तर खाली बुजवलेले खड्डे आणि करवतीने कापलेल्या मुळांची टोकं. चंदनचोर झाड नुसतं तोडत नाही, मुळासकट काढतो, कारण तेल मुळांतही असतं. असे सात खड्डे निघाले. पंचनामा करून राखणदाराला अटक केली.

माणूस पन्नाशीचा, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातला. तो माझ्याशी मराठीत बोलू लागला तसे हवालदार एकमेकांकडे बघू लागले. आपल्या भाषेच्या माणसाला साहेब सांभाळून घेतात असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्याच्याशी जरा जास्तच कडक वागलो. मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून चार दिवसांची कोठडी मागून घेतली.

“खड्डे कुणी बुजवले?”

“मीच, स्वामी. झाडं मात्र मी नाही काढली.”

“मग चोरी कळवली का नाहीस?”

“कळवली असती तर माझी बदली झाली असती. त्या खड्ड्यांत चंदनाचं बी लावलंय. ते एकटं जगत नाही, शेजारी तूर लागते त्याला. नवा माणूस येईल, तण म्हणून काढून टाकेल.” मग म्हणाला, “मी इथं बसलोय, तिथं रानात कोण आहे, स्वामी?”

“प्रश्न मी विचारायचे,” मी दरडावलं. आरोपी उलट विचारू लागला की काहीतरी लपवतोय, असा आमचा ठोकताळा. तीन दिवस तो हेच विचारत राहिला आणि तीन दिवस मी ते कानाआड केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी केस डायरी लिहिताना पत्र पुन्हा वाचलं आणि हातातलं पेन थांबलं. खड्डे त्याने एकट्याने बुजवले होते. मग तुरीखाली खड्डे आहेत हे पत्र लिहिणाऱ्याला कसं कळलं? झाडं कुठून उपटली हे ज्याला ठाऊक, त्यालाच ते कळणार. जंगलातलं वाळकं सरपण उचलायचा परवाना असलेला एक ठेकेदार होता. त्याच्या अर्जावरचं अक्षर पत्राशी जुळलं. संध्याकाळच्या आत त्याच्या वखारीवर छापा घातला. सरपणाखाली चंदनाचे ओंडके होते आणि मुळांवरची माती अजून ओली होती. राखणदार कोठडीत असताना तोडलेली झाडं होती ती.

सुटका झाल्यावर मी त्याला जीपमधून रानात नेलं. वाटेत पहिल्यांदाच मी त्याला ‘तुम्ही’ म्हणालो. आत शिरताच नवे खड्डे दिसले, मोजवेनात. आम्ही उपटलेली तूर तशीच पडली होती. तिच्या मुळांत गुंतलेली बोटभर चंदनाची रोपं वाळून गेली होती. त्याने एकेक उचलून पाहिलं. मला लाज वाटली, पण ‘चुकलं’ हा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

“सरी, असू दे,” तो म्हणाला. “दोन जागा राहिल्यात. तुमच्या लोकांना त्या दिसल्या नव्हत्या.”

राखणदाराने चोरी दडवल्याची बाब मला अहवालात लिहावीच लागली. ठेकेदाराला शिक्षा झाली, मला वरून शाबासकी आली आणि राखणदाराची बदली झाली. निघायच्या दिवशी तो ठाण्यात आला. मला वाटलं, आता दोन शब्द ऐकवणार. त्याने टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर त्या दोन जागांच्या खुणा काढलेल्या होत्या.

“नव्या माणसाला दाखवा, स्वामी. तो माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल.”

दुसऱ्या दिवशी नव्या राखणदाराला घेऊन मी स्वतः गेलो. पुढे नोकरीत अटका पुष्कळ केल्या. पण सही करण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यायचो : या माणसाच्या भरवशावर काय उभं आहे, आणि उद्यापासून तिकडे कोण बघणार?