तोतारामचा चौथा लॉक

सावद्याच्या तोताराम मिस्तरीचं देवाशी कधी जमलं नाही. दुकानात फोटो नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. कुणी नव्या गाडीपुढे नारळ फोडायला लागला की हा म्हणायचा, "खोबरं मले दे. देव काही ब्रेक लावत नाही." लोक चिडायचे, आणि गाडी बिघडली की मुकाट्याने त्याच्याकडेच यायचे, कारण तोंड गटाराचं असलं तरी हात सोन्याचा होता.

पण हल्ली तो हात थरथरायचा. चहा पिताना बशी वाजायची. मुलगा भूपेंद्र धुळ्याला देवपुरात राहायचा. त्याने ती बशी ऐकली आणि पोळ्यापासून एकच धोशा लावला: नाना, दुकान बंद करा, माझ्याकडे चला. शेवटी तोताराम वैतागून बोलून बसला, "वनाची गाडी येतेय. तिचं काम एकट्याने नाही जमलं तर लावतो कुलूप." भूपेंद्रने शब्द पकडला आणि सुट्टी काढून दुकानात खुर्ची टाकून बसला.

वना केळीवाला. त्याची गाडी म्हणजे मिलिटरीच्या लिलावातला जुना ट्रक, चारही चाकांनी ओढणारा. चिखलातल्या बागेतून केळी बाहेर काढावी तर त्यानेच. फक्त वळताना पुढच्या चाकातून कटकट यायची. पुढच्या एक्सलमधला क्रॉस गेला होता. चाक वळलं तरी फिरत राहावं म्हणून बसवलेला हा सांधा, अधिकच्या खुणेसारखा. त्याच्या चारी टोकांवर वाट्या, वाट्यांत सुयांसारखे बारीक रोलर, आणि वाटी निसटू नये म्हणून बाहेरून खाचेत बसणारा, कडीसारखा एकेक लॉक.

सकाळीच तोतारामने चाक आणि हब उतरवून एक्सल ओढून काढला, शिकंज्यात धरला आणि जुन्या क्रॉसच्या आईबापाचा उद्धार करत तो ठोकून काढला. नव्या वाट्यांत ग्रीस भरून त्या कागदावर उताण्या मांडल्या आणि चहाला गेला. ग्रीसला जरा टेकू द्यावं, ही त्याची जुनी पद्धत. खरं तर टेकायचं त्यालाच असायचं.

परत येतो तर नव्या क्रॉसला हळदकुंकू. हे काम बायकोचं, बेबाबाईचं. घर दुकानाच्या मागेच, त्यामुळे नवऱ्याचा डोळा चुकवून ती येईल त्या पार्टच्या खोक्याची पूजा करायची. आज खोकं उघडं दिसलं, तर तिने थेट मालावरच हात फिरवला होता.

"आता आरतीपण करा याची," म्हणत तोतारामने क्रॉस पेट्रोलने पुसला आणि कामाला लागला.

तीन वाट्या बसल्या, तीन लॉक बसले. चौथी वाटी मात्र केसभर बाहेर राहिली आणि लॉकला खाच सापडेना. त्याने ठोकलं. शिकंज्यात दाबलं. कंपनीला शिव्या दिल्या, वनाला दिल्या, वनाच्या केळीलाही दिल्या. मग शिव्या संपल्या. हे का होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. बसवताना हात हलला की एखादी सुई आडवी पडते. तोताराम घाबरला. आयुष्यात पहिल्यांदा तो एका वाटीला घाबरला.

"नाना, राहू द्या आता," भूपेंद्र हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, आणि त्याचाच तोतारामला जास्त राग आला.

"बस तिथं. मेलो नाही अजून."

त्याने वाटी ठोकून परत बाहेर काढली. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. सुया सगळ्या उभ्या, एकही पडलेली नव्हती. बोट आत घातलं तर तळाला ग्रीसमध्ये काहीतरी टोचलं. नखाने उकरून काढलं. कुंकवाने लाल झालेला, चेपलेला तांदळाचा दाणा.

तोताराम इतका हसला की बेबाबाई धावत बाहेर आली.

"हा कुठला, वो?" त्याने दाणा तिच्यापुढे धरला.

तिने दाणा पाहिला आणि पदर तोंडाला लावला. "मीच टाकल्या अक्षता. तुमचा हात चालू दे म्हणून. मले नाही जायचं देवपुरात. तिथं दुपारचेही दारं लावून बसतात."

या दुकानासाठी आपण एकटेच भांडतोय, असं तोतारामला इतके दिवस वाटत होतं.

त्याने वाटी पुसली, नवं ग्रीस भरलं आणि पुन्हा दाबली. लॉक टक्कन खाचेत गेला. दुपारी सगळं जोडून झाल्यावर वनाने ट्रक रस्त्यावर नेला, स्टिअरिंग पार शेवटपर्यंत वळवून गोल फिरवला आणि परत दारात आणून लावला. कटकट नाही. भूपेंद्रने बापाच्या हातातला पाना घेतला, पुसून पेटीत ठेवला आणि म्हणाला, "दिवाळीला तरी या." मग तो बसस्टँडकडे निघाला.

बेबाबाई आत वळली.

"थांब. ताट आण तुझं," तोताराम म्हणाला. "पुढच्या वेळी अक्षता पार्टवर नको टाकू. माझ्या डोक्यावर टाक. तिथं काही लॉक बसवायचा नाही."

तिने ताट आणलं आणि तिथेच, वनासमोर, चिमूट उचलली. सावद्यातल्या एकाही देवापुढे न वाकलेला तोताराम चांगला कमरेत वाकला, कारण बेबाबाई उंचीने फारच कमी होती.