पांढऱ्या डोळ्याची म्हातारी

मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारतात. तुमचं आवडतं पात्र कोणतं, आणि हे सगळं सुचतं कुठून? मी दोन्हींची उत्तरं तोंडपाठ ठेवली आहेत. माझा पोटदुख्या राक्षस गिरणीच्या भोंग्यातून निघाला. सोलापुरात आमची पहाटच त्या भोंग्याने व्हायची, आणि लहानपणी मला वाटायचं की कुणाचं तरी पोट फार दुखतंय. विणलेलं कापड पुन्हा उसवत बसणारा बुटका शेजारच्या तेलुगू विणकरांच्या मागाजवळ भेटला. ढगांची मेंढरं वळणारी पोर मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात सुचली. ज्वारी काढून झाली की तिथे नजर अडायला काही उरत नाही. हे सगळं सांगताना मी खुशीत असतो. थोडा मिरवतोही.

पांढऱ्या डोळ्याची म्हातारी कुठून आली असं विचारलं, की मात्र मी म्हणतो, ती अशीच, मनातून. हे साफ खोटं आहे. माझ्या सगळ्या पात्रांत मुलांना तीच जास्त आवडली, मलाही तीच आवडायची, आणि तिच्याबद्दलच बोलायला मला तोंड नाही.

खरी म्हातारी आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायची. मंगळवेढ्याकडची धनगराची बाई. नवरा गेल्यावर सोलापुरात आली आणि तान्ह्या मुलांना न्हाऊ घालून पोट भरू लागली. लहानपणी देवी आल्या होत्या, त्यात एका डोळ्यात पांढरं फूल पडलेलं. गल्लीतलं कुठलंही बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत रोज सकाळी तिच्या पायांवर असायचं. मीही होतो, असं आई सांगायची. धाकटी भावंडं तर माझ्या डोळ्यांदेखत न्हाली. न्हाणीत बसून ती पाय लांब करायची, त्यावर बाळ पालथं घालायची, तेल चोळायची, टाळू भरायची, आणि शेवटी निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी द्यायची. हात चालले की तोंडही चालायचं. बाळाला म्हणून सांगितलेली गोष्ट खरं तर दाराशी बसलेल्या माझ्यासाठी असायची. त्या गोष्टीत एक म्हातारी होती. काळं घोंगडं पांघरून ती रानोमाळ फिरायची, लोकांनी सांडलेली झोप वेचायची आणि न झोपणाऱ्या लेकरांच्या उशाशी ठेवून यायची. पाळण्यात वाकून म्हणायची, "निज की लेकरा, लई दिस जागलास." मी अजूनही लिहायला बसलो की वाक्याची चाल मला तिचीच सापडते. माझं काय ते भांडवल एवढंच.

पुढे मी शाळेत मास्तर झालो आणि मुलांच्या एका मासिकात लिहू लागलो. संपादकांनी कळवलं, गोष्टी गोड आहेत, पण मुलांना जरा भीतीही हवी. मी हाताशी होतं ते उचललं आणि उलटं केलं. माझी म्हातारी झोप ठेवत नव्हती, चोरत होती. पांढऱ्या डोळ्याने ती पाळण्यात बघायची, की बाळाची झोप उडून तिच्या घोंगड्यात जायची. घोंगडं गोष्टीतलं, डोळा तिचा, आणि बोलणं तर शब्दाला शब्द तिचं. लिहिताना एकदा मनात आलं, निदान डोळा तरी बदलावा. पण डोळा फार झकास जमला होता, म्हणून ठेवला.

गोष्ट गाजली. मधल्या सुट्टीत शाळेतली मुलं एक डोळा मिटून म्हातारी व्हायची आणि मी व्हरांड्यातून कौतुकाने बघत राहायचो. दुसरा भाग छापून आला तेव्हा हीच पोरं गल्लीत खऱ्या म्हातारीच्या मागे ओरडत पळू लागली. पोरंच ती, म्हणून मी सोडून दिलं.

मग समोरच्या घरातलं नवं बाळ आठ दिवस झोपेना. त्याला तीच न्हाऊ घालत होती. बाळं रडतात, त्यांना दुसरा उद्योग नसतो. पण त्या घरची सासू वाचणारी होती. तिने मासिक काढून चार बायकांना वाचून दाखवलं. गोष्ट म्हणजे गोष्ट, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. माझ्या राक्षसाला त्या पोट धरून हसल्या होत्या. पण हे वेगळं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मास्तर तिच्याच पायांवर न्हालेले, त्यांना तिचं आतलं ठाऊक असणार. उघड बोलता येत नाही म्हणून बिचाऱ्यांनी गोष्टीतून सावध केलं. बायकोने हे मला सांगितलं तेव्हा मला हसू आलं. समोरचं दार वीस पावलांवर होतं. जाऊन 'तसं काही नाही' एवढं म्हणायचं होतं. मी गेलो नाही. आपल्या गोष्टीचा इतका धाक पडावा, हे आतून मला सुखावत होतं. त्याची आज लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

महिन्याभरात गल्लीतल्या तिन्ही बाळंतिणींनी दुसरी बाई लावली. म्हातारी दिवसभर खोलीच्या दारात रिकामी बसलेली दिसायची, आणि मी दुसऱ्या बाजूने जायचो.

त्याच सुमारास मला मुलगी झाली. बायकोला माहेर उरलं नव्हतं, माझी आईही गेली होती, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी झालं. एका शनिवारी दुपारी म्हातारी आली. एरवी ती सरळ न्हाणीत शिरायची. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर बसली. भांडायला आली असेल असं समजून मी मनात उत्तरं जुळवू लागलो. पण गोष्टीचं तिने नावही काढलं नाही.

"तुजं लेकरू माज्या पायावर दे," ती म्हणाली. "हितं अंगणात न्हाऊ घालते, समद्यांम्होरं. मास्तरनं सोताचं लेकरू दिलं म्हंजे मग कुणी काय बोलायचं न्हाय."

एवढंच मागणं होतं. एक आंघोळ. बायको दारात येऊन उभी होती, तिने मुलीला पदराखाली घेतलं. तिला मी दोष देत नाही. मी माझं सांगतो. म्हातारी बोलता बोलता मुलीकडे वळली आणि तो डोळा मुलीवर गेला. त्या डोळ्यात काही नाही हे जगात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर मला; सगळं मीच रचलं होतं. तरी भ्यालो. म्हणालो, "मावशी, पोरीला सर्दी झालीय. सोमवारी बघू."

तिने विचारलं, "तुला बी भ्या वाटतं व्हय रं?"

मी कानावर हात ठेवले. छे, तसं कसं, सर्दीच आहे, वगैरे बोललो. बरं, सोमवारी येते, म्हणून ती उठली.

मला वाटलं होतं, ती समजली, आता यायची नाही. तरी भरवसा नको म्हणून सोमवारी उजाडताच दुसऱ्या बाईला बोलावून मी मुलीला न्हाऊ घालून घेतलं. धुरी झाली आणि मुलगी पाळण्यात गाढ झोपली.

तेव्हा ती आली. धुतलेलं लुगडं, बाळाला लागू नयेत म्हणून ताजी कापलेली नखं, हातात घरून आणलेली तेलाची वाटी. येताना तिने घरोघरी सांगितलंही असावं, कारण समोरच्या ओट्यावर बायका येऊन उभ्या होत्या. उंबऱ्याशी तिला ओव्याच्या धुराचा वास आला. ती थांबली. लांबूनच तिने पाळण्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच मला गप्प केलं.

"झोपलीया," ती अगदी हळू म्हणाली. "निजू दे. उठवू नगंस."

वाटी पदराखाली घेऊन, मान खाली घालून, ती त्या बायकांसमोरून परत गेली. आठवड्याभरात खोली सोडून ती मंगळवेढ्याकडे भावाच्या घरी गेली, असं बायकोकडून कळलं. मी चौकशी केली नाही.

गोष्टीचा तिसरा भाग मला त्याच सोमवारी टपालात टाकायचा होता आणि शेवट सुचत नव्हता. शाळेतून आल्यावर बसून तो लिहिला. त्यात म्हातारी एका घराच्या उंबऱ्याशी येते, झोपलेल्या बाळाकडे लांबूनच बघते, आणि ते बाळ दचकून उठतं ते पुन्हा कधी झोपत नाही. संपादकांचं उलट टपाली पत्र आलं, हा भाग सगळ्यांत सरस उतरला आहे.