एका क्रेटचं प्रीमियम

अगं केतकी, फोन ठेव बाजूला, आधी ऐक! आमच्या ऑफिसात किस्से रोजच साठतात, पण आज जे झालंय ना, ते पोटात ठेवून मला झोप लागणार नाही.

तुला माहितीये, आम्ही चौघं पुण्यात बसून नारायणगावच्या शेतकऱ्यांसाठी टोमॅटोच्या भावाचं ॲप चालवतो. ॲप फुकट, प्रीमियमला पैसे. आणि ते पैसे फोनच्या ॲप स्टोअरमधूनच घ्यायचे, हा स्टोअरचा नियम. बाहेर परस्पर काही घेतलं, की ॲप काढून टाकणार. एक वॉर्निंग आलीये. आता दुसरी आली तर ऑफिसलाच कुलूप.

*

पहिलं प्रीमियम घेतलं वारूळवाडीच्या नानांनी. त्यात जाहिराती बंद होतात. दोन दिवसांत फोन: "ताई, त्या साड्यांच्या जाहिराती कुठं गेल्या? आमची मंडळी रोज बघायची. पैसे आजून घ्या, पण साड्या परत लावा."

*

मग सात दिवसांची फुकट ट्रायल. आठव्या दिवशी पैसे कापणार हे ठळक लिहायचं, हाही नियमच. आम्ही लिहिलं. डिंगोरे गावातल्या एका शेतकऱ्यानं ते नीट वाचलं, सातव्या दिवशी ट्रायल बंद केली आणि घरातल्या दुसऱ्याच्या नावानं काढली. असं करत करत एक खातं आलं 'सर्जा' नावाचं. मी फोन करून विचारलं, हे कोण?

"बैल हाय, ताई. घरातली माणसं संपली व्हती."

*

आता आजचं. नारायणगावात आमचे दत्ताभाऊ लोकांना ॲप शिकवतात. एका आजोबांना फोनवरून पैसे भरता येईनात, आणि फुकट घ्यायचं त्यांच्या जिवावर आलेलं. त्यांनी दत्ताभाऊंच्या गाडीत टोमॅटोचं क्रेटच ठेवलं. दत्ताभाऊंनी मला गळ घातली, मी गुपचूप प्रीमियम चालू करायचा कोड दिला. टोमॅटो ऑफिसात वाटले. बॉसनं दोन किलो नेले, कुठून आले न विचारता!

सकाळी स्टोअरवर आजोबांचा रिव्ह्यू, पाच स्टार: "पैसे भरायची कटकट न्हाई. दत्ताभाऊला एक क्रेट द्या, लगेच चालू. लई भारी."

मी दत्ताभाऊंच्या हातापाया पडले, म्हटलं काढायला लावा. तासाभरात त्यांचा मेसेज, काम झालं. उघडून बघते तर नवा रिव्ह्यू, परत पाच स्टार:

"आधीचं काढलं. हे लोक क्रेट घेत न्हाईत. आसं लिवा म्हनून पुण्याच्या ताईंनी सांगितलंय."

तेवढ्यात बॉस म्हणाला, "पाच स्टार आलेत वाटतं! वाच की मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू दे."

सांग ना, तू काय केलं असतंस?